खोटा सांगावा

शाळेत मी रडण्यासाठी प्रसिद्ध होते. खरं रडणं नव्हे, स्टेजवरचं. खंडाळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात गॅदरिंगला दरवर्षी एक नाटक बसायचं आणि त्यात कुणी ना कुणी मरायचंच. कधी जवान, कधी सासुरवाशीण. मागं रडायला मी. सातवीत पहिल्यांदा रडले तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझे वडील फौजेतून रिटायर होऊन शिरवळच्या एका कंपनीत सिक्युरिटीला होते. ते मधेच उठून बाहेर गेले. नंतर म्हणाले, पान खायला गेलो होतो. ते पान खात नाहीत.

हे रडणं मला मराठीच्या बाईंनी शिकवलं. बाकीची पोरं गळा काढायची, नाक ओढायची. बाई म्हणायच्या, रडायचं नसतं, रडू अडवायचं असतं. श्वास धर, शब्द अर्ध्यावर सोड. उरलेला अर्धा ऐकणारा आपल्या मनात पुरा करतो, आणि तुझ्यापेक्षा वाईट पुरा करतो.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. पदवीचा फोटो वडिलांनी फौजेतल्या त्यांच्या फोटोशेजारी लावलाय, दोन्ही फ्रेम एकाच मापाच्या करून. आता मी सिनेमाचं काम करते. या लाइनीत कशी आलीस असं कुणी विचारलं की मी गॅदरिंगचं सांगते, बाईंचं सांगते, मग एकदम पुण्यातल्या कोर्सचं सांगते. मधला एक दिवस गाळते. तो इथं लिहिते.

दहावीची परीक्षा संपली होती. आई स्लॅबवर कुरडया घालत होती आणि मी जिन्यात बसून तिला सोऱ्या भरून देत होते. एक कावळा आला आणि आईच्या डोक्यावर बसला. घासून गेला नाही, बसला. आई वाकलेलीच राहिली. मग तिनं हात झाडला, त्याचं नख केसांत अडकलं, तो फडफडला आणि उडून गेला. भांगाशेजारी एक बारीक ओरखडा आला होता. आई हसली. मीही हसले.

शेजारच्या स्लॅबवरून आत्ती बघत होती. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली. ती हसली नाही. खाली आली, आईला बसवलं, ओरखडा बघितला आणि दोनदा विचारलं, बसला का नुसता घासला. मग तिनं सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. कावळा डोक्यावर बसला की ते मरणाचं बोलावणं. त्याला उतारा एकच, त्या बाईच्या माहेरी ती मेल्याचा सांगावा धाडायचा. आमच्याकडं सांगावा म्हणजे साधा निरोप, पण सांगावा आलाय म्हटलं की लोक आधी पायात चपला घालतात, मग कुणाचा ते विचारतात. तर तसा सांगावा द्यायचा. माहेरच्या माणसानं तो खरा मानला पाहिजे आणि खरं रडलं पाहिजे. पदर भिजला की मरणाला वाटतं आपलं काम झालं, ते माघारी जातं. मग खरं काय ते सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, गोड करून खायचं. पूर्वी माणूस जायचा, आता फोन होता.

आईचं माहेर म्हणजे एकच माणूस, आटपाडीची मावशी. आई तीन वर्षांची असताना त्यांची आई वारली. मावशीच्या लग्नात आई तिच्या कडेवर होती. मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि कडेवर बहीण, असा फोटोच आहे. मावशीनं तिला सासरी नेलं, वाढवलं, शाळेत घातलं, तिथूनच तिचं लग्न लावून दिलं. आई तिला अक्का म्हणायची आणि मावशी आईला बारकी. आई चाळिशीला आली तरी फोनवर पहिला शब्द तोच, "बारके, जेवलीस का?"

सांगावा कुणी द्यायचा याचा विचार आत्तीनं फार केला नाही.

"हिला येतंय की रडाया," ती म्हणाली.

मला भीती वाटली नाही, हे कबूल करते. बाईंनी हे ऐकलं असतं तर कान उपटला असता. अंधश्रद्धा या विषयावर मी स्वतः वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते, बक्षीसही मिळालं होतं. पण त्या घडीला मला एवढंच कळलं की पार्ट मिळालाय.

आत्तीनं आईला स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसवलं, डोक्यावरून पदर ओढून घ्यायला लावला, आणि खरं सांगून होईपर्यंत शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं. आणखी एक नेम होता. ज्यानं खोटं सांगितलं त्यानं खरं सांगायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं. ते वडील ड्यूटीवरून फोन करून सांगतील असं ठरलं.

मी गोठ्याच्या मागं गेले. फोन लावला. मावशीनं उचलला. मागं कुठं तरी मोटर चालू होती.

"बोल पोरी. निकाल लागला व्हय?"

मी श्वास धरला. "मावशी, आई…" म्हटलं आणि थांबले.

एवढंच. गेली, वारली, असलं काही मी बोलले नाही. शब्द अर्ध्यावर सोडला आणि थांबले. पलीकडं मोटर चालत राहिली. मग मावशीनं अगदी हळू, जणू कुणी झोपलंय आणि उठू नये म्हणून, विचारलं, "कवा?"

मी फक्त धरलेला श्वास सोडला. पलीकडं काहीतरी खाली पडलं, भांडं असावं, ते गरगरत राहिलं. मग मोटर बंद पडली आणि फोनही.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते थांबेना. स्टेजवर पडदा पडला की माझं थांबायचं. आत्ती म्हणाली, लय झ्याक. मी तोंड धुतलं, तरी येतच राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई पाठमोरी बसली होती, डोक्यावर पदर, हलत नव्हती. मला तिला हाक मारायची होती. पण एकाएकी वाटलं, ही आता वळेल आणि वळली तर तोंड आईचं नसेल. मी दारातूनच माघारी फिरले.

आत्तीचं म्हणणं, पाव तास जाऊ दे, पदर नीट भिजू दे. पाव तासानं वडिलांनी गेटवरून फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग नेम सोडून मीही लावला, आईनंही लावला. उचलायला तिथं कुणी नव्हतं. मावशीचा पोरगा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, धंद्यात मदुराईला असायचा, सून तिकडंच. मावशी एकटी. तिनं फोन पडला तिथंच टाकला होता, दाराला कडी लावली होती आणि शेजारच्यांची जीप करून गल्लीतल्या तीन बाया घेऊन निघाली होती.

दहिवडी, फलटण करत ती जीप चार तासांनी आमच्या दारात आली. रडणं आधी आलं, जीप मागनं. आईला राहवलं नाही. ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळून टाकायला पळत अंगणात गेली.

आटपाडीच्या तिघी आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, मग आत्तीला शिव्या द्यायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, आवं, निदान आमच्या जेवणाचं तरी बघायचं, अर्धी भाकरी तव्यावर टाकून आलोय. सगळं अंगण हसत होतं. मावशी जीपच्या दाराला धरून उभी होती. तिचं सगळं अंग घामानं आणि पाण्यानं ओलं होतं. ती आईच्या तोंडाकडं बघत नव्हती. पायांकडं बघत होती. बराच वेळ बघून घेतलं आणि मग घरात आली.

आईनं चहा पुढं केला तेव्हा मावशी म्हणाली, "ठेवा तिथं. घेते."

आईला वाटलं, ती आत्तीला बोलली.

मावशीच्या काखेत एक पिशवी होती. तिच्यात हिरवं लुगडं होतं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेराकडचं लुगडं पडतं. चार तासांच्या वाटेत तिनं दहिवडीत जीप थांबवून ते घेतलं होतं. आई म्हणाली, अक्का, ठेव ते तुला. मावशी म्हणाली, आणलेलं माघारी न्यायचं नसतं, आणि ते आईच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं.

आईनं मग जे केलं ते आमच्यातली कुठलीही बाई करेल. बहिणीनं आणलेलं लुगडं म्हणून ती आत गेली, नेसली, आणि मावशी निघताना ते नेसूनच जीपपाशी आली, अक्काला बरं वाटावं म्हणून. अजून उन्हं होती. हिरवा रंग डोळ्यांत भरत होता. मावशीनं जीपमधून तिच्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"येतो आमी. पोरीकडं बघा."

बघा. त्या वेळी आत्तीही अंगणात नव्हती.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, मावशी रागावली आहे. रागवायचा तिला हक्कच होता. पण राग कधीतरी उतरतो. त्या दिवसानंतर मावशीनं आईला कधी तू म्हटलं नाही. तुमी, आवं, बसा, जेवा. दिवाळीला आई आटपाडीला गेली तर मावशीनं पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, पाहुणीला वाढावं तसं वाढलं, निघताना ओटी भरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. आई येताना एसटीत फलटणपर्यंत रडली. बारके म्हणाली नाही, एवढंच म्हणत राहिली.

बाकी मावशी ठणठणीत होती. डाळिंबाचा भाव, कुणाच्या म्हशीला किती महिने, माझ्या परीक्षेची तारीख, सगळं तोंडावर. सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तासभर बोलून सांगितलं की याला एक लांब नाव आहे, बाकी काही दोष नाही, वेळ जाऊ द्या. झोपेच्या गोळ्या दिल्या. मावशी त्यांना जाताना म्हणाली, डॉक्टर, मला झोप लागती, तुमच्या डोळ्याला जाग दिसतीया, तुमीच घ्या.

मी सांगलीला कॉलेजला गेले, होस्टेलवर राहिले. सांगलीत नाटकवाल्यांची कमी नाही. पहिल्याच वर्षी एकांकिकेच्या निवडीला सीनियर पोरांनी मला रडून दाखवायला सांगितलं. मी श्वास धरला, अर्धा शब्द सोडला, आणि समोरच्या पोरांचे चेहरे बदलले. त्यांतला एक नकळत उभा राहिला. मला मोटर बंद पडल्यासारखं ऐकू आलं. मी म्हटलं, मला स्टेजवर काम नको, मागं काहीही द्या. तीन वर्षं लाइट केले, आवाज केला. तिसऱ्या वर्षी कॉलेजचा कॅमेरा हातात आला. तो डोळ्याला लावला की माझा चेहरा झाकला जायचा. कुणाला काही खरं वाटायचं असेल तर ते समोरच्याचं वाटणार होतं, माझं नाही. मी सिनेमाकडं गेले ती अशी. स्वप्न वगैरे नव्हतं. लपायला जागा होती.

पण पुण्याच्या कोर्सला गेल्यावर मनात एकच होतं. मावशीनं आईला एकदा बारके म्हणावं. मी एका अर्ध्या शब्दानं जे मोडलं होतं ते मला जोडायचं होतं, आणि माझ्या हातात जी विद्या होती ती हीच.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपल्या घरातलं काहीतरी घेऊन छोटी फिल्म करायची होती. मी पितृपंधरवड्यात आटपाडीला गेले. बरोबर आवाजाचं काम करायला मिरजेची मैत्रीण होती, आणि आई. मावशीला सांगितलं, तुझ्या बहिणीवर फिल्म करायची आहे. ती खूश झाली. म्हणाली, केलंच पायजे, तिचा फोटूसुदिक धड न्हाई.

आम्ही पोचलो तो दिवस नवमीचा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात. मावशीनं सकाळपासून चूल मांडली होती. खीर, वडे, गवारीची भाजी, आणि या ताटात कधी नसतात ती हुलग्याची शेंगोळी. ताट घेऊन ती मागच्या दारी गेली आणि पत्र्यावर ठेवलं. मी कॅमेरा लावून होते. शेंगोळी का, म्हणून मी विचारलं.

"बारकीला लय आवडायची."

कावळा लगेच आला. वाट बघायला लागली नाही. त्यानं खिरीला, वड्याला तोंड लावलं नाही, शेंगोळी उचलली. मावशीनं समाधानानं हात जोडले. माझ्या मागं दारात आई उभी होती. दुपारी पान वाढलं तेव्हा आईनं ताटाला नमस्कार केला आणि सरकवलं. भूकच नाही म्हणाली. सकाळपासून पोट भरल्यासारखं वाटतंय म्हणाली.

जेवणानंतर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, मावशीला बसवलं. आई भिंतीला टेकून बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. मी मावशीला विचारलं, बहीण कशी गेली ते सांग.

मावशीनं सांगितलं. जीपमधून कशी आली, दहिवडीला लुगडं कसं घेतलं, हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण तिची गोष्ट अंगणात थांबली नाही. अंगणात बारकीला निजवली होती म्हणाली. भांगापाशी बारीक ओरखडा होता. पायाचे अंगठे बांधलेले होते. तिनं स्वतः लुगडं घातलं, तोंडावरून हात फिरवला, हनुवटी गार लागली. कोण कोण रडलं ते तिनं माणसागणिक सांगितलं. मावशीचा आवाज कुठंही हलला नाही. बघितलेलं सांगावं तसं ती सांगत होती. मैत्रिणीनं हेडफोन कानावरून खाली ओढले आणि आईकडं बघितलं.

मग आई बोलली. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"अक्का, मग मी कोण?"

मावशी तिच्याकडं वळली. मायेनं बघितलं.

"तुमी बऱ्या हायसा. पोरीला सांभाळलं, शिकवलंसा. माझं काय म्हणणं न्हाई. तिनंच धाडलं आसंल तुमाला."

मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी फोनवर खोटं केलं होतं गं. नाटक होतं.

"तुझं न्हवतं नाटक," मावशी म्हणाली. "खोटं रडणं मला कळतंय. तू खरं रडलीस. नाटक मागनं त्यांनी केलं समद्यांनी, तू ल्हान म्हणून."

आमच्या कामात बोलणं संपलं की त्या जागेची शांतता मिनिटभर वेगळी घेऊन ठेवतात, पुढं जोडकामाला लागते. मैत्रीण म्हणाली, कुणी हलू नका. आम्ही चौघी बसून राहिलो. पत्र्यावर नखं वाजली आणि थांबली. नंतर पुण्यात ऐकताना ती म्हणाली, यात तिघींचाच श्वास येतोय. आई माइकपासून लांब बसली होती, हे मला कळतं. मी शिकलेली आहे. तरी ते मी परत लावलं नाही.

संध्याकाळच्या आत आम्हाला आईची काही चित्रं घ्यायची होती. मी कॅमेरा सोप्यात ठेवला, आईला अंगणात डाळिंबाच्या झाडापाशी उभं केलं. ते हिरवं लुगडं ती नेसली होती. आटपाडीला येताना ती नेहमी तेच नेसायची. मावशी माझ्यामागं येऊन बसली आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिची नजर गेली.

ती पुढं सरकली. इतकी पुढं की तिचा श्वास पडद्यावर उमटला. पदरानं तिनं तो पुसला.

"बारके," ती म्हणाली. "बारके, किती वाळलीस गं."

आठ वर्षांनी. माझा धक्का कॅमेऱ्याला लागला, पडद्यातली आई थरथरली. अंगणातल्या आईनं ते ऐकलं होतं. ती दाराकडं पाऊल टाकणार, तेवढ्यात मी हात वर केला. का केला सांगता येत नाही. ती थांबली.

"जेवलीस का?" मावशीनं पडद्याला विचारलं.

"जेवले, अक्का."

मावशी हसली. शेंगोळी खाल्ली न्हवं, म्हणाली. आई म्हणाली, खाल्ली. दोघी बोलत राहिल्या. दार उघडं होतं. मान वर केली असती तर मावशीला दहा पावलांवर आई दिसली असती. तिनं वर केली नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण चमकायला लागली आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला. आई धावत आत आली, मावशीचे हात धरले, म्हणाली, अक्का, ही बघ मी. मावशीनं हात हळूच सोडवून घेतले.

"बसा," ती म्हणाली. "पाणी आणते तुमाला."

फिल्म झाली. कोर्सच्या सरांनी विचारलं, या बाई कुठल्या नाटकात काम करतात. मी म्हटलं, त्या करत नाहीत. आमच्या घरात तेवढ्याच एक नाही करत.

पुढची युक्ती माझी नव्हती, आईची. तिनं मावशीच्या पोराला सांगून मदुराईहून मावशीसाठी मोठ्या पडद्याचा फोन मागवून घेतला. आता रोज दिवेलागणीच्या आधी आई व्हिडिओ कॉल करते. मावशी फोन देव्हाऱ्याजवळ भिंतीला टेकवून बसते. बारके ही पहिली हाक असते. घरातलं सगळं सांगते, गाऱ्हाणी सांगते, माझ्याविषयीही सांगते, तुझी पोर गुणाची निघाली म्हणून.

मागच्या महिन्यात आम्ही आटपाडीला गेलो होतो. मावशीनं पाट मांडला, आईला जेवा म्हणाली, ओटीचं ताट तयार करून ठेवलं. दिवेलागण व्हायला आली तशी आई उठली, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला आणि सोप्यात जाऊन भिंतीकडं पाठ करून बसली. फोन लावला. आतल्या खोलीत वाजला. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी होते. आईचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, एकदा तोंडातून आणि मागोमाग आतून.

आधी जेवणाचं झालं. मग मावशीनं विचारलं, आजवर कधी विचारलं नव्हतं ते.

"बारके, तिथं कसं हाय गं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. तिनं श्वास धरलेला मला दिसला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाईंच्या शाळेत मी गेले होते, ती नाही.

"बरं हाय, अक्का," ती म्हणाली. "पाणी लय हाय."

"किती?"

आईच्या लग्नाच्या आधी त्या दोघी एकदाच कुठं फिरायला गेल्या होत्या, कोयनानगरला, धरण बघायला. आटपाडीच्या बायका, दुष्काळी मुलखातल्या. मावशी काठावर बसली ती दुपारभर बोललीच नव्हती, असं आई नेहमी सांगते.

"कोयनेला बघितलं न्हवं आपण," आई म्हणाली. "तेवढं. आन् सगळं…"

आणि थांबली. आत मावशी उरलेला शब्द पुरा करत असणार. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, समाधानाचा.

"मग बरं. र्‍हा तू तिथं."

आईनं फोन बंद केला. डोळे पुसले नाहीत, कोरडेच होते. उठली, आत गेली. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिनं तो पुढं केला.

"आवं, घ्या की," मावशी म्हणाली. "दमला आसाल."

आईनं तांब्या घेतला आणि उभ्यानंच सगळं पाणी प्यायली.